इंग्रजीत डायलॉग लिहिताना कोट्स, कॉमा, फुलस्टॉप कुठे टाकायचे: पहिल्यापासून सगळं

इंग्रजीत गोष्ट लिहा, ब्लॉग लिहा नाहीतर ऑफिसचा रिपोर्ट लिहा, बाकी बरंचसं जमून जातं, स्पेलिंग तर हल्ली सॉफ्टवेअरच सांभाळतं, पण कोणीतरी काहीतरी बोललं हे लिहायची वेळ आली की हात थांबतो. कॉमा कोट्सच्या आत टाकू का बाहेर, प्रश्नचिन्ह दिल्यावर परत कॉमा लागतो का, शी सेड मधला एस कॅपिटल का स्मॉल. मग अंदाजाने कुठेतरी टाकायचं आणि पुढे जायचं. वाचणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण वाचताना ठेच लागते, आणि दर परिच्छेदाला ठेच लागायला लागली की चांगला मजकूरसुद्धा कच्चा वाटायला लागतो. याचंच मला जास्त वाईट वाटतं, कारण अनेकदा लिहिणाऱ्याकडे सांगण्यासारखं भरपूर असतं.

शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्ट आपण सगळेच शिकलोय, पण तिथे सगळा जोर एकाचं दुसऱ्यात रूपांतर करण्यावर असतो, चिन्ह इथेच का आणि तिथे का नाही हे सहसा कोणी बसून समजावत नाही. नियमांची यादी पाठ करायला गेलात तर ती लांबलचक आहे. माझ्या मते पाठ करायची गरज नाही. प्रत्येक वेळी स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या. इंग्रजी वाक्य खरंच इथे संपलंय का? आणि हे जे चिन्ह मी टाकतेय ते बोलणाऱ्याचं आहे का लिहिणाऱ्याचं? बहुतेक सगळे नियम या दोन प्रश्नांतून आपोआप निघतात, आणि जे निघत नाहीत ते कुठले हेही खाली येईलच.

एक सूचना आधीच देते, खाली इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत, त्यामुळे कॅपिटल-स्मॉल अक्षर दिसणार नाही, जिथे त्याने फरक पडतो तिथे मी वेगळं सांगेन. चिन्हं मात्र इंग्रजीत असतात तशीच दिली आहेत, तेव्हा उदाहरण वाचताना शब्दांपेक्षा चिन्हांकडे नीट बघा.

पायरी १: मुळात कोट्स लागतात का ते ठरवा

कोट्सच्या आत फक्त तेच शब्द जातात जे बोलणाऱ्याच्या तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले. तुम्ही तुमच्या शब्दांत सांगत असाल तर कोट्स नकोत. ऐकायला हे सोपं आहे, पण मराठी बोलणाऱ्यांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते आणि त्याला कारण आहे. मराठीत आपण म्हणतो, अ‍ॅना म्हणाली की मी दमलेय. यात की आहे, कोट्स नाहीत, तरीही आतलं मी म्हणजे अ‍ॅनाच, आणि ऐकणाऱ्या कोणालाही शंका येत नाही. तेच जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर होतं:

अ‍ॅना सेड दॅट आय अ‍ॅम टायर्ड.

याचा इंग्रजीत अर्थ असा होतो की लिहिणारी व्यक्ती, म्हणजे तुम्ही, दमला आहात असं अ‍ॅना म्हणाली. माणूसच बदलला! मग कोणीतरी सांगतं की डायरेक्ट स्पीच आहे तर कोट्स टाक, आणि वाक्य असं होतं:

अ‍ॅना सेड दॅट, “आय अ‍ॅम टायर्ड.”

हेही चूकच. दॅट आला की पूर्ण वाक्याचे कोट्स जातात, कोट्स आले की दॅट जातो, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. बरोबर रूपं ही दोन:

अ‍ॅना सेड, “आय अ‍ॅम टायर्ड.”
अ‍ॅना सेड दॅट शी वॉज टायर्ड.

याला एक अपवाद आहे, तो म्हणजे कोणाचे दोन-चार शब्दच उचलून तुम्ही स्वतःच्या वाक्यात बसवता तेव्हा. तिथे दॅट चालतो, पण मग दॅटनंतर कॉमा नाही आणि कोट्समधलं पहिलं अक्षर स्मॉल, कारण ते तुमच्याच वाक्याचा भाग झालेलं असतं. उदाहरणार्थ, अ‍ॅना सेड दॅट द प्लॅन वॉज “टू रिस्की” फॉर अस.

प्रश्नांचंही तसंच. सॅमने विचारलं ती कुठे चालली आहे, हे इनडायरेक्टमध्ये लिहिताना सॅम आस्क्ड व्हेअर शी वॉज गोइंग असं लिहायचं, शेवटी साधा फुलस्टॉप, प्रश्नचिन्ह नाही, आणि वॉज शी अशी उलटापालटही नाही. प्रश्न सॅमने विचारला होता, तुमचं वाक्य मात्र साधं विधान आहे.

आणि हो, येस किंवा नो एवढंच सांगायचं असेल तर शी सेड येस असं बिनकोट्सचं लिहिलं तरी उत्तम. मनातले विचारही बहुतेक लेखक कोट्समध्ये टाकत नाहीत, इटॅलिक करतात किंवा साधेच ठेवतात, म्हणजे वाचणाऱ्याला हे मोठ्याने बोललं गेलेलं नाही हे कळतं.

पायरी २: डबल का सिंगल, एकदाच ठरवा

अमेरिकन पद्धतीत बाहेर डबल कोट्स, आणि बोलण्याच्या आत दुसऱ्या कोणाचं बोलणं आलं तर ते सिंगलमध्ये. ब्रिटिश पुस्तकांत बऱ्याचदा याच्या उलट असतं, बाहेर सिंगल आणि आत डबल, पण ब्रिटनमधली अनेक वर्तमानपत्रं डबलच वापरतात, त्यामुळे ब्रिटिश म्हणजे सिंगलच असं काही पक्कं समजू नका. दोन्ही बरोबर आहेत. चूक एकच, एकाच लिखाणात दोन्हींची सरमिसळ.

कुठलीच सक्ती नसेल तर मी डबल घ्यायला सांगेन. कारण इंग्रजीतली अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे डोन्ट, इट्स, आय अ‍ॅमचं छोटं रूप यांत येते ती, आणि बंद होणारा सिंगल कोट दिसायला अगदी सारखेच असतात, त्यामुळे सिंगल कोट्समध्ये डायलॉग लिहिला की बोलणं संपलं का नुसती अ‍ॅपॉस्ट्रॉफी आली हे डोळ्याला क्षणभर कळत नाही. डबलमध्ये हा घोळ होत नाही.

पायरी ३: बोलणं आणि शी सेड हे मिळून एकच वाक्य आहे

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. शी सेड, ही आस्क्ड, सॅम रिप्लाइड या तुकड्याला डायलॉग टॅग म्हणतात. टॅग हे स्वतंत्र वाक्य नाही. नुसतं शी सेड म्हटलं तर लगेच प्रश्न येतो, काय म्हणाली? म्हणजे ते अपुरं आहे, ते बोलण्याला चिकटूनच जगतं. मग बोलणं आधी आलं आणि टॅग नंतर, तर बोलण्याच्या शेवटी फुलस्टॉप कसा चालेल, वाक्य तर अजून संपलेलंच नाही. म्हणून तिथे कॉमा येतो:

“वी आर लेट,” शी सेड.

कॉमा आधी, मग कोट्स बंद, मग शी स्मॉल एसने, आणि फुलस्टॉप सगळ्यात शेवटी. इथे होणाऱ्या चुका ओळखून ठेवा. पहिली, लेटनंतर फुलस्टॉप. दुसरी, कॉमा कोट्सच्या बाहेर. तिसरी, कुठलंच चिन्ह नाही, नुसते कोट्स बंद. आणि चौथी, जी मायक्रोसॉफ्ट वर्ड आपल्या हातून करवून घेतं, शी कॅपिटल. टॅगमध्ये नाव असेल, अ‍ॅना सेड, तर नावाचं अक्षर अर्थातच कॅपिटल राहणार, पण शी, ही, दे, द टीचर हे सगळे स्मॉलच.

टॅग आधी आला तर तो पूर्ण करून कॉमा, मग कोट्स उघडायचे, आतलं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि शेवटचा फुलस्टॉप आत:

शी सेड, “वी आर लेट.”

इथे वाक्य बोलण्याबरोबरच संपतं, म्हणून फुलस्टॉप. कोट्सनंतर बाहेर अजून एक फुलस्टॉप नको. एका जागी वाक्य एकदाच संपतं.

आता प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह. ही दोन चिन्हं बोलणाऱ्याच्या आवाजाचा भाग आहेत, त्यांना काढून कॉमा टाकला तर बोलण्याचा सूरच जातो. म्हणून ती तशीच राहतात, त्यांच्यापुढे कॉमा येत नाही, आणि तरीही टॅग स्मॉल अक्षरानेच सुरू होतो:

“आर वी लेट?” शी आस्क्ड.
“रन!” ही शाउटेड.

इथे अनेकांना वाटतं की प्रश्नचिन्ह आलं म्हणजे वाक्य संपलं, तर पुढचं अक्षर कॅपिटल हवं. नाही. प्रश्न संपला, वाक्य नाही संपलं. वर्ड किंवा फोनचा कीबोर्ड इथे हमखास शी कॅपिटल करून टाकतो, तो लक्ष ठेवून परत स्मॉल करावा लागतो.

टॅगबद्दल अजून थोडं. टोल्ड टु मी असं इंग्रजीत होत नाही, टोल्ड मी किंवा सेड टु मी. आणि सेड हा शब्द परत परत येतो म्हणून घाबरून एक्सक्लेम्ड, मर्मर्ड, रिटॉर्टेड असे शब्द शोधत बसू नका. सेड वाचणाऱ्याच्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही आणि तेच त्याचं काम आहे. दोघंच बोलत असतील आणि कोण बोलतंय ते स्पष्ट असेल तर टॅग सरळ गाळा, पण आठ-दहा ओळींनंतर एकदा नाव येऊ द्या नाहीतर वाचणारा मागे जाऊन मोजत बसतो.

पायरी ४: हसणं म्हणजे बोलणं नव्हे

ही पायरी वेगळी ठेवली आहे कारण बरीच वर्षं लिहिणाऱ्यांच्याही हातून हे निसटतं. बघा:

“आय नो,” शी स्माइल्ड.

स्माइल करून शब्द बाहेर पडत नाहीत. शी स्माइल्ड हे स्वतःच पूर्ण वाक्य आहे, ती हसली, संपलं. ते टॅग नाही, कृती आहे. मग पहिला प्रश्न विचारा, वाक्य संपलं का? बोलण्याचं वाक्य संपलं, कृतीचं वेगळं सुरू झालं. म्हणजे:

“आय नो.” शी स्माइल्ड.

आत फुलस्टॉप, आणि इथे शी कॅपिटल एसने. नॉडेड, श्रग्ड, टर्न्ड अवे, लुक्ड अ‍ॅट द क्लॉक, या सगळ्यांना हाच न्याय. व्हिस्पर्ड, शाउटेड, मम्बल्ड ही मात्र बोलण्याच्याच पद्धती आहेत, त्यांना कॉमा. साय्ड, लाफ्ड यांच्यावर लोक वाद घालतात, सुस्कारा टाकत शब्द बोलता येतात असं काहींचं म्हणणं. माझं मत, शंका आली की फुलस्टॉप द्या, त्यात कोणी चूक काढू शकत नाही. आणि दोन्ही हवं असेल तर शी सेड, स्मायलिंग असं लिहा, तिथे सेड आहेच म्हणून कॉमा बरोबर.

पायरी ५: टॅग मधोमध आला तर

बोलणं तोडून मध्ये टॅग टाकायची सवय चांगली आहे, त्याने बोलण्यात एक थांबा येतो, पण चिन्हं टाकण्याआधी टॅग काढून बोलणं सलग वाचून बघा. समजा अ‍ॅनाचं बोलणं आहे, इफ यू वेट हिअर आय विल कॉल हर. हे एकच वाक्य. मध्ये टॅग आला तरी ते एकच राहिलं पाहिजे:

“इफ यू वेट हिअर,” शी सेड, “आय विल कॉल हर.”

टॅगच्या दोन्ही बाजूंना कॉमा. दुसऱ्या तुकड्याचं पहिलं अक्षर स्मॉल असतं, फक्त इथे तो आय असल्यामुळे कॅपिटल, तो कायमच कॅपिटल असतो. पण बोलण्यात मुळातच दोन वाक्यं असतील, वेट हिअर हे एक आणि आय विल कॉल हर हे दुसरं, तर:

“वेट हिअर,” शी सेड. “आय विल कॉल हर.”

टॅगनंतर फुलस्टॉप. इथेही कॉमा टाकला तर दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली जातात, इंग्रजीत याला कॉमा स्प्लाइस म्हणतात आणि संपादक ती बघताक्षणी पकडतात.

मध्ये टॅग नसून कृती आली आणि बोलणं वाक्याच्या ऐन मध्यात तुटलं तर लांब डॅश वापरतात, आणि डॅश कोट्सच्या बाहेर, कारण बोलणारा थांबलेला नाही, तुम्ही मध्ये काहीतरी दाखवताय:

“द ओन्ली थिंग”—शी पुट द कीज ऑन द टेबल—“दॅट मॅटर्स इज टाइम.”

याउलट बोलणाऱ्यालाच कोणी मध्ये तोडलं तर डॅश आत, कारण तुटलं ते त्याचं बोलणं, आणि बोलता बोलता आवाज विरून गेला तर तीन टिंबं, तीही आत. डॅशनंतर फुलस्टॉप-कॉमा काही नको. तीन टिंबं जपून वापरा. प्रत्येक वाक्यामागे ती आली की सगळी पात्रं पेंगुळलेली वाटायला लागतात.

पायरी ६: प्रश्नचिन्ह नेमकं कोणाचं

सुरुवातीचा दुसरा प्रश्न, चिन्ह बोलणाऱ्याचं का लिहिणाऱ्याचं, सगळ्यात जास्त इथे उपयोगी पडतो. ही तीन वाक्यं शेजारी ठेवून बघा:

शी आस्क्ड, “आर यू लीव्हिंग?”
डिड शी से, “आय अ‍ॅम लीव्हिंग”?
डिड शी आस्क, “आर यू लीव्हिंग?”

पहिल्यात प्रश्न तिचा, म्हणून चिन्ह आत. दुसऱ्यात ती साधं विधान करतेय, प्रश्न विचारणारे तुम्ही, म्हणून चिन्ह बाहेर, आणि आतला फुलस्टॉप गळतो. तिसऱ्यात प्रश्न दोघांचाही, पण दोन प्रश्नचिन्हं लागोपाठ येत नाहीत, आतलं एकच पुरतं. उद्गारचिन्हालाही हेच लागू.

पायरी ७: अमेरिकन आणि ब्रिटिश यांचं खरं भांडण कुठे आहे

आता तो अपवाद, जिथे आपला दुसरा प्रश्न चालत नाही. अमेरिकन पद्धतीत कॉमा आणि फुलस्टॉप कायम कोट्सच्या आत जातात, मग ते मूळ बोलण्याचा भाग असोत वा नसोत. कोणाचा एकच शब्द उचललात तरी:

ही कॉल्ड द रिपोर्ट “यूजलेस.”

ब्रिटिश पद्धत इथे अर्थाकडे बघते. यूजलेस एवढाच शब्द त्याचा, फुलस्टॉप तुमचा, म्हणून तो बाहेर:

ही कॉल्ड द रिपोर्ट ‘यूजलेस’.

याला लॉजिकल पंक्च्युएशन म्हणतात आणि इंग्रजी विकिपीडियानेही आपल्या लेखांसाठी हीच पद्धत ठेवली आहे. मला स्वतःला ही जास्त पटते, पण पटण्याचा इथे संबंध नाही, ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांची पद्धत पाळायची. लक्षात घ्या की हा फरक मुख्यतः तुकड्यांपुरता आहे. कथा-कादंबरीतल्या पूर्ण डायलॉगमध्ये शी सेडच्या आधीचा कॉमा ब्रिटिश पुस्तकांतही साधारणपणे आतच असतो. ब्रिटिश पद्धतीत सगळं बाहेर असा जो समज आहे तो तुकड्यांच्या नियमावरून आलाय, आणि त्यापायी चांगले डायलॉग बिघडतात.

सेमीकोलन आणि कोलन मात्र दोन्हीकडे बाहेर.

टेक्निकल लिखाण करणाऱ्यांनी एक सांभाळा. पासवर्ड, फाइलचं नाव, टाइप करायची कमांड असं काही कोट्समध्ये देऊन आत फुलस्टॉप टाकला तर वाचणारा तो फुलस्टॉपसुद्धा टाइप करेल. अशा जागी कोट्स वापरूच नका, तो भाग वेगळ्या फॉन्टमध्ये द्या किंवा वेगळ्या ओळीवर घ्या.

पायरी ८: माणूस बदलला की परिच्छेद बदला

इंग्रजीत नवीन माणूस बोलायला लागला की नवीन परिच्छेद, मग त्याचं बोलणं एकाच शब्दाचं का असेना. त्याची कृतीही त्याच परिच्छेदात ठेवायची. एका परिच्छेदात दोघांची बोलणी कोंबली की कोट्स कितीही बरोबर असले तरी कोण काय म्हणालं ते कळत नाही.

एकच माणूस लांब बोलतोय आणि त्याचं बोलणं दोन-तीन परिच्छेदांत जातंय, तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला कोट्स उघडायचे पण बंद फक्त शेवटच्याच परिच्छेदात करायचे. पहिल्यांदा बघताना हे टायपिंगची चूक वाटते, पण त्यामागे विचार आहे. बंद न केलेले कोट्स सांगतात की बोलणं संपलं नाही, आणि पुन्हा उघडलेले आठवण करून देतात की अजून तोच बोलतोय. तरी माझा सल्ला असा, गोष्टीत इतकं लांब भाषण असेल तर मध्ये कोणालातरी खोकू द्या, उठून खिडकी लावू द्या, वाचणाऱ्यालाही श्वास मिळतो.

डायलॉग सोडून बाकी ठिकाणी

कविता, लघुकथा, लेख, गाणं, मालिकेचा एखादा भाग, म्हणजे जे दुसऱ्या मोठ्या गोष्टीच्या पोटात असतं त्याचं नाव कोट्समध्ये, आणि पुस्तक, सिनेमा, वर्तमानपत्र असं जे स्वतंत्र उभं असतं त्याचं नाव इटॅलिकमध्ये, अशी सर्वसाधारण पद्धत आहे.

एखाद्या शब्दावर जोर द्यायला कोट्स वापरू नका, हे मी हात जोडून सांगते. इंग्रजीत एकाच शब्दाला कोट्स घातले की वाचणारा समजतो, लिहिणाऱ्याचा त्या शब्दावर विश्वास नाही, मराठीतल्या ‘म्हणे’सारखं काहीतरी त्याला ऐकू येतं. पाटीवर “फ्रेश” असं लिहिलं की माल शिळा असल्याची शंका येते. जोर हवा असेल तर इटॅलिक करा.

दुसऱ्याच्या लेखातला उतारा घेत असाल तर त्यातला एक शब्दही गुपचूप बदलायचा नाही. आपला शब्द घालावा लागला तर तो चौकोनी कंसात, मधला भाग गाळला तर तीन टिंबं, आणि मुळातच चूक असेल तर तिच्यापुढे चौकोनी कंसात सिक लिहितात, म्हणजे चूक मूळ लेखकाची आहे, माझी नाही. सिकचा वापर कोणाला हिणवायला मात्र करू नये. उतारा लांब असेल तर कोट्स काढून तो वेगळ्या परिच्छेदात, डावीकडून आत सरकवून देतात, याला ब्लॉक कोट म्हणतात. लांब म्हणजे किती हे शोधनिबंध लिहायच्या कुठल्या ठरलेल्या पद्धतीने लिहिताय त्यावर अवलंबून: एपीए पद्धतीत ४० किंवा त्याहून जास्त शब्द, एमएलए पद्धतीत गद्याच्या ४ ओळींपेक्षा जास्त, आणि शिकागो पद्धतीत साधारण १०० शब्दांपासून पुढे. ब्लॉक कोटला बाहेरून कोट्स लावायचे नाहीत, ही चूक प्रोजेक्ट आणि थीसिसमध्ये फार दिसते. छोटा उतारा ओळीतच घेऊन पुढे कंसात पान नंबर देत असाल तर कोट्स आधी बंद करा, मग कंस, आणि फुलस्टॉप कंसानंतर.

कीबोर्डची भानगड

कोट्स दोन प्रकारचे दिसतात, सरळ उभे आणि वळणदार. कीबोर्डवरची की सरळ देते, वर्ड त्याचे आपोआप वळणदार करतं, याला स्मार्ट कोट्स म्हणतात. छापायच्या मजकुरात वळणदार, आणि प्रोग्रामच्या कोडमध्ये सरळच, वळणदार कोट्स कोडमध्ये पेस्ट झाले की प्रोग्राम एरर देतो.

वर्ड कोट्स उघडायचे का बंद करायचे हे मागच्या अक्षरावरून ठरवतं. मागे स्पेस असेल तर उघडणारे, अक्षर असेल तर बंद होणारे. म्हणून दोन जागी ते चुकतं. एक, सन १९९० चं दशक छोटं करून आधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि मग ९० असं लिहिता तेव्हा मागे स्पेस असते, आणि अ‍ॅपॉस्ट्रॉफीऐवजी उघडणारा सिंगल कोट येतो. दोन, तोडलेल्या बोलण्याच्या शेवटी डॅशनंतर कोट्स बंद करायला जाता, तिथे बऱ्याचदा उलटे, उघडणारे कोट्स येतात. उपाय सोपा आहे, कोट्सची की दोनदा दाबा आणि पहिलं चिन्ह खोडा किंवा बरोबर चिन्ह दुसरीकडून कॉपी करा. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून ठेवून नंबर पॅडवर ०१४७ आणि ०१४८ टाइप केलं की उघडणारे आणि बंद होणारे डबल कोट्स मिळतात, सिंगलसाठी ०१४५ आणि ०१४६. मॅकवर ऑप्शन आणि उघडणारा चौकोनी कंस दाबला की उघडणारे डबल, त्यातच शिफ्ट धरलं की बंद होणारे. फोनवर कोट्सची की दाबून धरली की बहुतेक कीबोर्डमध्ये पर्याय वर येतात.

वेगवेगळ्या फाइलींतून मजकूर एकत्र केला असेल तर शेवटी फाइंड-रिप्लेस करून सगळे कोट्स एकाच प्रकारचे करून घ्या.

एक उतारा दुरुस्त करून बघू

नेहमीच्या चुका एकत्र करून हा तुकडा लिहिलाय:

अ‍ॅना लुक्ड अ‍ॅट द क्लॉक अँड सेड दॅट, “वी आर लेट”. “डिड यू लॉक द डोअर”? आस्क्ड सॅम. “येस”, शी स्माइल्ड, “आय चेक्ड ट्वाइस”. “माय मदर ऑलवेज सेज, “चेक थ्री टाइम्स””, सेड सॅम.

आधी माणसं वेगळी करा, म्हणजे चार बोलणी, चार परिच्छेद. पहिल्यात दॅट काढायचा, आणि घड्याळाकडे बघणं ही कृती आहे, तिचं वेगळं वाक्य केलं तर बोलणं सुटं होतं. दुसऱ्यात प्रश्न सॅमचा आहे म्हणजे चिन्ह आत. तिसऱ्यात स्माइल्ड हे टॅग नाही म्हणून दोन्हीकडचे कॉमा जाऊन फुलस्टॉप येतात, शी कॅपिटल होते. चौथ्यात आईचं बोलणं आतलं आहे, ते सिंगलमध्ये, आणि पुढे सेड सॅम हा टॅग असल्यामुळे वाक्य संपलेलं नाही, म्हणून कॉमा, तो सिंगल आणि डबल दोन्ही कोट्सच्या आत:

अ‍ॅना लुक्ड अ‍ॅट द क्लॉक. “वी आर लेट,” शी सेड.

“डिड यू लॉक द डोअर?” आस्क्ड सॅम.

“येस.” शी स्माइल्ड. “आय चेक्ड ट्वाइस.”

“माय मदर ऑलवेज सेज, ‘चेक थ्री टाइम्स,’” सेड सॅम.

असाच सराव स्वतः करायचा असेल तर आवडत्या इंग्रजी कादंबरीतलं डायलॉगने भरलेलं एक पान घ्या, सगळे कोट्स, कॉमा, फुलस्टॉप गाळून ते टाइप करा, दुसऱ्या दिवशी चिन्हं परत भरा आणि पुस्तकाशी ताडून बघा. पुस्तक ब्रिटनमध्ये छापलंय का अमेरिकेत ते आधी बघून घ्या, नाहीतर बरोबर उत्तरालाही तुम्ही चूक म्हणाल. आणि जिथे तुमचं चिन्ह वेगळं पडलं तिथे लगेच खोडू नका, तिथल्या टॅगवर बोट ठेवून वाक्य संपलंय का हे आधी विचारा.